भारमान कमी, म्हणून फेरी बंद?

परदेशात चार मराठी माणसं जेवायला जमली आणि गप्पा गावाकडच्या रस्त्यांवर आल्या, की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "एसटी तोट्यात आहे, चालवायची कशाला? देऊन टाका खासगीवाल्यांना!" बोलणारे बहुतेक वेळा इंजिनियर, डॉक्टर, बँकेत किंवा आयटीत काम करणारे, म्हणजे आकड्यांशी रोजचा संबंध असलेले लोक असतात. त्यातले कितीतरी जण स्वतः एसटीच्या पासावर शिकलेले असतात, पण तो मुद्दा मी आज काढणार नाही. भावनेवर हा वाद सुटत नाही. तुम्ही आकडे म्हणता ना, मग आकड्यांनीच बोलूया.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: खेड्यापाड्यांना जोडणाऱ्या बससेवेत एकेका फेरीचा नफा-तोटा सुटा काढणं ही मोजमापातलीच चूक आहे. त्या मोजमापावर विसंबून निर्णय घेतले, तर बरी चाललेली सेवासुद्धा हळूहळू मरते. मग आपण म्हणतो, "बघा, लोकांनाच एसटी नको होती."

एसटी म्हणजे किती मोठी गोष्ट?

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही पहिली गाडी धावली. पुढे १९५० च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना रस्ते वाहतूक महामंडळं स्थापन करता आली आणि १९६० साली राज्य झाल्यावर आपलं आजचं महामंडळ उभं राहिलं. आज त्याचे ३१ विभाग आणि सुमारे अडीचशे आगारं आहेत. कोरोनाच्या आधी जवळपास १८ हजार गाड्या होत्या आणि रोज साठ लाखांहून जास्त लोक त्यांतून प्रवास करत. मग कोरोना आला आणि पाठोपाठ ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेला संप झाला. त्यातून बाहेर पडताना गाड्याही कमी झाल्या होत्या आणि प्रवासीही.

गाड्या कमी झाल्या की आगारात कुठली फेरी ठेवायची आणि कुठली काढायची, हा प्रश्न रोजचा होतो. तो सोडवायला हाताशी असतं ते भारमान, म्हणजे गाडीत बसू शकतील त्यांच्यापैकी किती टक्के लोक खरोखर बसले, आणि दर किलोमीटरमागचं उत्पन्न. यादी खालून वर वाचायची आणि तळाच्या फेऱ्या कापायच्या. ऐकायला हे अगदी शास्त्रशुद्ध वाटतं. पण एका गावाचं उदाहरण घेऊन पाहू.

बारा तिकिटं की बावीस?

समजा, तालुक्यापासून १४ किलोमीटरवर एक गाव आहे. दिवसाला चार फेऱ्या आहेत: सकाळी सात, सकाळी दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी साडेसहा. साडेसहाच्या गाडीत ४४ आसनांवर सरासरी १२ माणसं असतात, म्हणजे भारमान २७ टक्के. यादीत ती सगळ्यात खाली दिसते. कापली, तर हिशोबाप्रमाणे फक्त १२ तिकिटांचं उत्पन्न जाईल आणि डिझेल वाचेल.

आता ही १२ माणसं कोण, ते बघा. त्यातली समजा १० जण सकाळी सात किंवा दहाच्या गाडीनेच तालुक्याला गेलेली आहेत. कुणी कॉलेजात, कुणी दुकानात कामाला, कुणी दवाखान्यात. संध्याकाळची गाडी नसेल तर ती सकाळीही जाणार नाहीत, निदान एसटीने तरी नाहीत. परतीची सोय नसलेला प्रवास माणूस सुरूच करत नाही. म्हणजे १२ तिकिटांची फेरी कापल्यावर प्रत्यक्षात २२ तिकिटं गेली. त्यातली १० गेली ती सकाळच्या गाडीच्या खात्यातून. पुढच्या महिन्यात सकाळच्या गाडीचं भारमान खाली येतं आणि आता यादीत तळाला ती असते.

वाचलेले पैसेही वाटतात तितके नसतात. चालक-वाहकांचा पगार महिन्याचा असतो, गाडीची झीज वयाबरोबर होतच असते, आगाराची वीज चालूच असते. एक फेरी कापून वाचतं ते मुख्यतः डिझेल. गाडी मुक्कामी असेल तर गंमत आणखी वेगळी. मुक्कामी गाडी रात्री गावात येते, चालक-वाहक देवळात, शाळेत किंवा गाडीतच झोपतात आणि पहाटे तीच गाडी भरून तालुक्याला निघते. ती बंद केली आणि सकाळची फेरी ठेवली, तर सकाळी तालुक्याहून गावापर्यंत गाडी जवळजवळ रिकामी आणावी लागते. म्हणजे तोट्याची फेरी कापली आणि नवा तोटा तयार केला.

अजून एक गट आहे, जो साडेसहाच्या गाडीत कधी दिसतच नाही. दुपारी दोनच्या गाडीने परतणारी बाई. तिला माहीत असतं की दवाखान्यात उशीर झाला तरी साडेसहाची गाडी आहे. त्या भरवशावर ती घरातून निघते आणि दहा वेळांतून नऊ वेळा दोनच्याच गाडीने घरी पोचते. साडेसहाच्या गाडीला तिने एक रुपयाही दिलेला नाही, पण ती गाडी नसती तर ती निघालीच नसती. अर्थशास्त्रात या भरवशाच्या किमतीला पर्याय-मूल्य म्हणतात. बर्टन वाइसब्रॉड या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली ही कल्पना मांडली: एखादी सेवा आपण वापरली नाही, तरी ती हवी तेव्हा मिळेल या खात्रीला स्वतंत्र मोल असतं. विमा काढल्यावर वर्षभर आजारी पडलो नाही, म्हणून हप्ता वाया गेला असं आपण म्हणत नाही. शेवटची एसटी हा गावाचा विमा आहे. फक्त त्याचा हप्ता कुणाच्याच तिकिटात दिसत नाही.

वर्गमूळ काय सांगतं?

आता जरा खोलात जाऊ. बस चालवण्याला दोन प्रकारचा खर्च येतो. एक महामंडळाचा: जितक्या फेऱ्या जास्त, तितका तो वाढतो. दुसरा प्रवाशांचा, म्हणजे वाट पाहण्यात जाणारा वेळ: फेऱ्या दुप्पट केल्या की तो निम्मा होतो. हा दुसरा खर्च कुठल्याच ताळेबंदात येत नाही, पण तो खरा असतो. डॉक्टरांनी दहा मिनिटांत तपासलं आणि परतीची गाडी तीन तासांनी असेल, तर त्या दहा मिनिटांची किंमत अर्धा दिवसाची मजुरी होते.

दोन्ही खर्च मिळून कमीत कमी कधी होतात? हे गणित हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ साली मांडलं. त्यांनी ते शहरी बससाठी केलं होतं, पण तर्क सगळीकडे तोच आहे. उत्तर असं येतं की फेऱ्यांची योग्य संख्या प्रवाशांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते. प्रवासी चौपट झाले तर फेऱ्या दुप्पट हव्यात. प्रवासी पाव झाले तर फेऱ्या निम्म्या.

हा निकाल आपल्या उदाहरणाला लावून पाहा. एका मोठ्या गावाला रोज २०० प्रवासी आहेत आणि ८ फेऱ्या योग्य आहेत असं धरू. म्हणजे फेरीमागे २५ माणसं. शेजारच्या लहान गावाला ५० प्रवासी आहेत, म्हणजे पाव. तिथे किती फेऱ्या हव्यात? भारमानाची सरधोपट पट्टी लावली तर २. वर्गमूळाच्या नियमाने ४. आणि चार फेऱ्यांत पन्नास प्रवासी म्हणजे फेरीमागे साडेबारा.

म्हणजे लहान गावाच्या गाडीत बारा माणसं असणं ही कुणाची ढिलाई नाही. ते गणिताचं उत्तर आहे. सगळ्यांचा खर्च धरून सगळ्यात स्वस्त अशी सेवा आखली, तरीही लहान गावाची गाडी मोठ्या गावाच्या गाडीपेक्षा रिकामीच धावेल. दोन्हींना भारमानाची एकच पट्टी लावणारा माणूस लहान गावाला त्याच्या लहानपणाची शिक्षा करतो आहे.

मोहरिंग यांच्या गणितातून आणखी एक गोष्ट निघते. नवा प्रवासी आला की फेऱ्या वाढवता येतात आणि जुन्या प्रवाशांची वाट पाहणं कमी होतं. रस्त्यावर नवी मोटार आली की बाकीच्यांचा त्रास वाढतो, बसमध्ये नवा प्रवासी आला की काही काळाने बाकीच्यांचा फायदा होतो. म्हणून बसला सार्वजनिक पैसा देणं हे दानधर्माच्या खात्यात मांडायचं कारण नाही. तिकीट खर्चापेक्षा स्वस्त ठेवणं कार्यक्षमतेच्या कसोटीवरही योग्य ठरतं. उलट दिशेनेही चाक असंच फिरतं: फेरी कापली, वाट पाहणं वाढलं, प्रवासी गेले, पुन्हा फेरी कापली.

आता बेभरवशाची गोष्ट घ्या. तासाला सरासरी एक गाडी असेल आणि ती नेमाने येत असेल, तर केव्हाही थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी अर्धा तास थांबावं लागतं. पण समजा गाड्या आळीपाळीने १० मिनिटांनी आणि ११० मिनिटांनी येतात. सरासरी अंतर अजूनही तासाचंच. मात्र तुम्ही थांब्यावर पोचाल तेव्हा मोठ्या खंडात सापडण्याची शक्यता बारात अकरा, आणि त्या खंडात सरासरी ५५ मिनिटं थांबावं लागतं. सगळं मिळून सरासरी वाट जवळजवळ ५१ मिनिटं येते. कागदावर फेऱ्या तितक्याच, पण प्रवाशाच्या वाट्याला दीडपटीहून जास्त ताटकळणं. "एसटी कधी वेळेवर येते का?" ही तक्रार म्हणूनच क्षुल्लक नाही. जुन्या गाड्या वाटेत बंद पडू देणं हे फेऱ्या कापण्याइतकंच महाग असतं.

जाळं आणि धागा

तिसरा मुद्दा जाळ्याचा. तालुक्याच्या स्थानकाला दहा गावांच्या गाड्या येतात असं समजा. स्थानक धरून ११ ठिकाणं झाली, आणि त्यांच्यात गाडी बदलून का होईना, ५५ जोड्यांमध्ये प्रवास करता येतो. आता एका गावाची गाडी बंद केली. ठिकाणं १० उरली आणि जोड्या ४५. मार्ग कापला दहा टक्के, पण शक्य असलेले प्रवास घटले अठरा टक्के. ही दहा गावं पुण्या-मुंबईच्या, नागपूर-संभाजीनगरच्या गाड्यांना जोडलेली आहेत हे धरलं, तर नुकसान आणखी मोठं.

हिशोबात मात्र हे उलटं दिसतं. गावातून पुण्याला निघालेला माणूस १४ किलोमीटरचं छोटं तिकीट गावाच्या गाडीत काढतो आणि लांबचं मोठं तिकीट पुण्याच्या गाडीत. छोटी फेरी तोट्यात आणि मोठी नफ्यात दिसते. प्रत्यक्षात छोट्या गाडीनेच तो प्रवासी मोठ्या गाडीपर्यंत आणून सोडलेला असतो. झाडाची मुळं फळं देत नाहीत म्हणून ती छाटण्यासारखं हे आहे.

"मग वडाप आहे की!" असं तुम्ही म्हणाल. वडाप म्हणा, काळी-पिवळी म्हणा, टमटम म्हणा, ही वाहनं खेड्यात खरोखर उपयोगी पडतात आणि ती चालवणारे आपलंच पोट भरत असतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण वडापचा नियम एकच: शिटं भरल्याशिवाय गाडी हलणार नाही. बाजाराच्या दिवशी, सकाळी गर्दीच्या वेळी वडाप हजर. पावसाळ्यात रात्री आठला, दोन प्रवाशांसाठी, नाही. त्यात त्यांची चूक नाही, तो धंदा आहे. परिणाम असा होतो की भरलेल्या वेळा वडापकडे जातात आणि रिकाम्या वेळा एसटीकडे राहतात. मग आपण दोघांचं भारमान शेजारी ठेवून एसटीला नापास करतो.

आपण राहतो तिथे काय झालं?

हे प्रयोग जगात आधीच झाले आहेत, आणि आपल्यापैकी बरेच जण ते झाले त्याच देशांत राहतात.

ब्रिटनमधल्या वाचकांना १९८५ चा वाहतूक कायदा ठाऊक असेल. लंडन वगळता बाकी ग्रेट ब्रिटनमध्ये २६ ऑक्टोबर १९८६ पासून बससेवा खुल्या स्पर्धेवर सोडली गेली. फायद्याचे मार्ग कंपन्यांनी घेतले. जे फायद्याचे नव्हते पण समाजाला हवे होते, त्यांच्यासाठी स्थानिक परिषदांनी निविदा काढून पैसे द्यायचे असं ठरलं. पुढे २०१० नंतर परिषदांच्या निधीला कात्री लागली आणि ग्रामीण भागातल्या या फेऱ्या एकामागून एक बंद झाल्या. लंडनमध्ये मात्र मार्ग आणि वेळापत्रक सार्वजनिक संस्थेच्याच हाती राहिलं. अखेर ग्रेटर मँचेस्टरने सप्टेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने बस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये ते काम पूर्ण केलं. "खासगीवाल्यांना द्या" म्हणणाऱ्यांनी या चाळीस वर्षांच्या प्रयोगाचा निकाल आधी वाचावा.

अमेरिकेतले वाचक म्हणतील, इथे तर बसच नाही. पण बाजारावर एवढा विश्वास असलेल्या या देशातही राज्यांनी ग्रामीण वाहतुकीच्या संघीय निधीतला किमान १५ टक्के वाटा गावांना शहरांशी जोडणाऱ्या बससेवेवर खर्च करावा, अशी कायद्यात तरतूद आहे. तशी गरज नसल्याचं गव्हर्नरने लिहून दिलं तरच सूट मिळते. १९७८ साली विमानसेवा खुली केली, तेव्हा लहान गावांची विमानं बंद पडू नयेत म्हणून सरकारी अनुदानाची योजना सोबतच आणली. ती आजही चालू आहे. म्हणजे अमेरिका लहान गावाच्या विमानाला पैसे देते आणि आपण खेड्याच्या एसटीला तोट्याची म्हणून हिणवतो.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण स्वित्झर्लंडचं आहे. तिथली पिवळी पोस्टबस १ जून १९०६ रोजी बर्नहून सुरू झाली. एसटीचा वाढदिवसही १ जूनच. तिथला संघीय नियम असा की वर्षभर किमान १०० लोक राहतात अशा वस्तीला सार्वजनिक वाहतुकीने जोडण्यासाठी संघराज्य पैसे देऊ शकतं. ग्रामीण आणि प्रादेशिक सेवेचा साधारण निम्माच खर्च तिकिटांतून निघतो. उरलेला संघराज्य आणि प्रांत मिळून देतात. पण ते कसे देतात हे महत्त्वाचं. वर्ष सुरू व्हायच्या आधीच ठरतं की अमुक मार्गावर इतक्या फेऱ्या हव्यात, त्यांचा खर्च इतका, तिकिटांतून येतील इतके, उरलेले आम्ही देऊ. थोडक्यात, सरकार ती सेवा विकत घेतं. वर्षअखेरीस "तोटा झाला हो" अशी आरोळी उठत नाही, कारण तो तोटा नसतोच, ती खरेदी असते.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. १९८२ पासून तिथे देशभर ठरावीक ठोक्याचं वेळापत्रक आहे, म्हणजे दर तासाला त्याच मिनिटाला गाडी. २००४ साली झुरिच-बर्न रेल्वे प्रवास तासाच्या थोडा आत आणला. निव्वळ वेगाची हौस त्यामागे नव्हती. दोन्ही टोकांना आगगाडी पोचताच डोंगरातल्या बस बाहेर उभ्या असाव्यात, हा हेतू होता. जाळं आधी आणि धागा नंतर, असा विचार केला की काय होतं ते तिथे दिसतं.

सगळं आलबेल तिथेही नाही. २०१८ साली उघडकीला आलं, की याच पोस्टबस कंपनीने अनुदानित सेवेतला नफा हिशोबात लपवून जास्तीचं अनुदान घेतलं होतं. ते परत करावं लागलं. तेव्हा सेवा विकत घ्यायची तर हिशोब तपासणारी कडक नजरही हवीच.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप: रिकाम्या बसपेक्षा मोटारसायकल बरी, इंधन तरी कमी जळतं. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही प्रामाणिक द्यायला हवं. साधी डिझेल बस लिटरला पाच किलोमीटर जाते आणि मोटारसायकल पन्नास, असं ढोबळ धरू. डिझेल आणि पेट्रोलमधला फरक सोडून दिला, तर दहा प्रवासी असलेली बस आणि एकट्या माणसाची मोटारसायकल यांचा माणशी इंधनखर्च सारखाच. मागे कुणी बसलं असेल तर बसला वीस माणसं लागतील. म्हणजे बारा माणसांची एसटी पर्यावरण वाचवते असा दावा मी करणार नाही. विजेच्या आणि लहान गाड्या आल्या तर हे चित्र बदलेल, आणि कमी गर्दीच्या वेळी लहान गाडी वापरणं शहाणपणाचंच आहे.

पण मोटारसायकल कुणाची, हा प्रश्न उरतोच. ती घरातल्या कमावत्या पुरुषाच्या हातात असते. आजीला, शाळकरी मुलीला, एका डोळ्याने दिसेनासं झालेल्या आजोबांना ती चालवता येत नाही. शिवाय २०२२ साली भारतात रस्त्यांवरच्या अपघातांत एक लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. स्वस्त पर्याय म्हणताना ही किंमतही मांडायला हवी.

दुसरा आक्षेप: एसटीचा कारभारच गचाळ आहे. काही अंशी खरं आहे, आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण हिशोबाची दुसरी बाजूही बघा. एसटीच्या तिकिटावर राज्य सरकार वर्षानुवर्षं साडेसतरा टक्के दराने प्रवासी कर घेत आलं आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट, या सवलती सरकारनेच जाहीर केल्या. चांगल्याच आहेत. मात्र त्यांची रक्कम सरकारकडून येईपर्यंत डिझेलचं बिल महामंडळालाच भागवायचं असतं. एका हाताने कर घ्यायचा, दुसऱ्या हाताने सवलत वाटायची आणि वर तोंडाने "तोटा" म्हणायचं, हा हिशोब कुठल्याही ऑडिटरला पटू नये.

पणाला काय लागलं आहे?

बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना आली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करून २०१७ साली निष्कर्ष छापले. योजनेमुळे माध्यमिक शाळेतली मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुलींतली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. शाळा होत्या तिथेच राहिल्या, अभ्यासक्रमही तोच राहिला. फक्त अंतर कापायचं साधन मिळालं. महाराष्ट्रात हे काम बऱ्याच अंशी एसटी करते. मुलींना मोफत पास आहे आणि मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेणाऱ्या खास बसही आहेत. पण पास मोफत असला तरी गाडी यावी लागते. संध्याकाळची फेरी भारमानाअभावी बंद झाली, की घरात निर्णय होतो. मुलाला "मित्राच्या गाडीवरून ये" म्हणतात. मुलीला "बास झालं शिक्षण" म्हणतात. त्या निर्णयाची नोंद आगाराच्या कुठल्याही तक्त्यात होत नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, फेरीचा निवाडा सुट्या भारमानावर करू नये. गावाची दिवसभराची सेवा एकत्र धरावी, आणि किती वस्त्यांमधून सकाळी निघून काम उरकून संध्याकाळी परत येता येतं, हा आकडा दरवर्षी जाहीर करावा. दोन, सरकारने खेड्यांची सेवा वर्षाच्या सुरुवातीला ठरवून, मोजून आणि वेळेवर पैसे देऊन विकत घ्यावी. तीन, प्रत्येक वाडी-वस्तीच्या थांब्यापर्यंतचं ताजं वेळापत्रक सर्वांना खुलं असावं. २००५ साली पोर्टलंड शहराच्या वाहतूक संस्थेने गूगलबरोबर वेळापत्रकाची एक साधी मांडणी तयार केली. तीच आज जगभर वापरली जाते. ती भरायला रॉकेट लागत नाही, चिकाटी लागते. आपल्यातले कितीतरी लोक पोटासाठी हेच काम करतात. सुट्टीत गावी गेल्यावर आपल्या तालुक्याच्या स्थानकावरचं वेळापत्रक, वाटेतले थांबे आणि त्यांची लोकांच्या तोंडी असलेली नावं नोंदवून खुल्या नकाशावर घालणं, हे कुणालाही जमेल.

तुम्ही पुढच्या वेळी विमानतळावरून थेट गावापर्यंत भाड्याची गाडी केलीत, तर मी तुम्हाला दोष देणार नाही. सोबत लहान मुलं असतात, चार बॅगा असतात, सुट्टी मोजकी असते. पण त्या गाडीत बसून रिकामी एसटी समोरून जाताना दिसली, तर तिच्यातल्या बारा माणसांकडे बोट दाखवण्याआधी एवढं आठवा: लहान गावाच्या गाडीत बाराच असायचे असतात. आणि पुढच्या जेवणाला कुणी "एसटी तोट्यात आहे" म्हणालं, तर त्याला विचारा, "शाळा नफ्यात आहे का? गावाचा रस्ता नफ्यात आहे का?" त्याच रस्त्यावर एसटी धावते.